गुलाबताईंची वाटणी

माझ्या तासाला सगळ्यात मन लावून ऐकणारी व्यक्ती हजेरीपटावर कधीच नव्हती. वाशीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. त्यातली बावीस वर्षं शेवटच्या बाकाच्याही मागे, दाराशी एक लोखंडी स्टूल टाकून गुलाबताई बसलेल्या असायच्या. हातात मऊ फडकं, मांडीवर काचपट्ट्यांचा डबा. एकेक पट्टी पुसायची, उजेडात धरून बघायची, डब्यात ठेवायची. मुलं वळून त्यांना खुणा करायची, मी खडू फेकून मारायची, आणि त्या मान खाली घालून पुसत राहायच्या. मला वाटायचं, बाई आपलं काम करतेय. ती तास करत होती हे कळायला मला फार वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी धास्ती वाटली.

हुद्द्याने त्या प्रयोगशाळा परिचर. नाव गुलाब म्हात्रे, राहणार सानपाडा गाव. सानपाडा म्हटलं की आता लोकांना स्टेशन आणि टॉवर आठवतात, पण त्यांच्या पलीकडे जुनं गाव आहे, आणि त्या गावात गुलाबताईंच्या सासऱ्यांची भातशेती होती, खाडीत जाळं होतं. नवी मुंबई वसवताना ते सगळं गेलं. त्याबद्दल त्या कधी रडल्या नाहीत. "गेलं तं गेलं. पोरांना शाला मिलाली," एवढंच. नवरा दामोदर पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर. मुलगे दोन, जगदीश आणि निलेश. बाई बुटकी, काळीसावळी, ठसठशीत. निळ्या एप्रनच्या खिशात कायम एक ब्लेड, चिकटपट्टीचं रीळ आणि बॉलपेन. नाव गुलाब असून जन्मात त्यांनी गुलाब लावला नाही. "त्याचे नखरे कोन करील? मना माजेच पुरे झालेत," म्हणायच्या.

मी साताऱ्याकडची, शाकाहारी, आणि तेव्हा तरी जरा शिष्टच. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांच्या डब्यातल्या सुक्या बोंबलाबद्दल मी ऑफिसात तक्रार केली. त्या डबा घेऊन मागच्या जिन्यात बसायला लागल्या. पुढच्याच आठवड्यात बारावीचं प्रात्यक्षिक होतं. सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद घेऊन दाखवायचा होता. माझा छेद असा जाड की त्यातून उजेड जाईना. मुलं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत आणि एकमेकांकडे बघत. तेवढ्यात गुलाबताईंनी शेजारून एक पट्टी सरकवली. त्यांचा छेद. पेशींच्या भिंती मोजून घ्याव्यात इतका पातळ. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, एक डाव बोंबील साफ करा. हात आपोआप बसतो." बोंबील मी अजूनही साफ केलेले नाहीत, पण डब्याबद्दल पुन्हा तोंड उघडलं नाही.

झाडांचं वेड त्यांना कधी लागलं ठाऊक नाही. मी आले तेव्हा प्रयोगशाळेच्या खिडक्या भरलेल्याच होत्या. फुटके बीकर, टवका उडालेल्या बरण्या, शाईची जुनी बाटली, सगळ्यांत काही ना काही रुजत घातलेलं. आणि प्रत्येकावर चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर बॉलपेनने झाडाचं कूळ लिहिलेलं. "आई – हेडक्लार्कच्या टेबलावरची." "आई – नर्सरीतली, न विचारता." हे 'न विचारता' बऱ्याच ठिकाणी होतं. चोरून आणलेलं झाड लवकर लागतं अशी त्यांची श्रद्धा. "मागून आनलेलं आलशी व्हतं," असं त्या गंभीरपणे सांगायच्या.

एकदा मी चेष्टेने विचारलं, "गुलाबताई, सगळ्यांच्या आया लिहिल्यात. बाप कुठे गेले?"

"तुकडा लावला का नुसती आईच असते ना मॅडम. बाप कुठला? बाप बियाला असतो."

कलमात गुणसूत्रं एकाच झाडाची येतात, हे माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत समजत नव्हतं.

प्रिन्सिपॉलसाहेबांच्या केबिनमध्ये एक स्नेक प्लांट होतं. उभी, तलवारीसारखी पानं, मधे हिरवी आणि दोन्ही काठांना पिवळाधमक पट्टा. एका मे महिन्यात केबिन रंगवायला काढली म्हणून कुंडी दोन दिवस व्हरांड्यात आली. तिसऱ्या दिवशी तिच्यात एक पान कमी होतं. गुलाबताईंनी त्याचे बोटभर तुकडे केले, वाळूत खोचले आणि खिडकीत ठेवले. स्नेक प्लांटचं काम फार सावकाश. पावसाळा गेला, गणपती गेले, सहामाही परीक्षा झाली. दिवाळीच्या सुट्टीआधी वाळूतून एक टोक वर आलं.

त्यांनी मला बोलावून दाखवलं, पण चेहरा उतरलेला. नवं रोप अगदी साधं हिरवं होतं. काठाला पिवळ्याचा मागमूस नाही.

"पट्टा कुठं गेला, मॅडम?"

"मोठं झालं की येईल."

आला नाही. बाकीच्या तुकड्यांनाही तीच गत. त्यांनी आधी खिडकीतल्या उजेडाला दोष दिला, मग टाकीच्या पाण्याला. मग त्यांच्या मनाने घेतलं की हा प्रिन्सिपॉलसाहेबांचा शाप. जाऊन त्यांच्यापुढे चोरी कबूल केली आणि दुसरं पान रीतसर मागून आणलं. साहेब बिचारे महिनाभर मला विचारत होते, बाई रडत का होती. ते रीतसर पानही साधंच उगवलं. तेव्हा मात्र गुलाबताई घाबरल्या. एका झाडासाठी एवढं घाबरायचं काय, म्हणून मला हसू आलं. आज ते हसू आठवलं की मला माझीच लाज वाटते.

खरं तर उत्तर मलाही येत नव्हतं. दोन दिवस 'बघते, सांगते' करून वेळ मारून नेली आणि मग घरी पुस्तकं काढून बसले. तिसऱ्या दिवशी रिकाम्या वर्गात त्यांना फळ्यावर चित्र काढून सांगितलं. म्हटलं, हे झाड म्हणजे एका घरात राहणारी दोन बिऱ्हाडं. काठाला पिवळ्या पेशींचं बिऱ्हाड, आत हिरव्यांचं. पानाचा तुकडा लावला की नवं रोप उगवतं ते आतल्या हिरव्या बिऱ्हाडातून. पिवळ्यांना तिकडे वाटच नाही. पट्टा हवा असेल तर मुळाशी आलेला फुटवा मातीसकट वेगळा करून लावायचा, त्यात दोन्ही बिऱ्हाडं असतात.

त्यांनी फळ्याजवळ जाऊन दोन्ही बिऱ्हाडांवर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे आईबापाच्या अंगावर दिसतं ते पोरात उतरलंच पायजे, असं काय नाय?"

"मुळीच नाही. बघा ना, समोरच आहे."

मी पानाच्या तुकड्याबद्दल बोलत होते. त्यांनी आईबाप म्हटलं होतं. ज्या बाईने मला शिकवलं होतं की तुकड्याला बाप नसतो, ती बाप म्हणाली, तिथेच मी थांबायला हवं होतं. पण शिकवण्याचा कैफ वाईट असतो. समोरच्याचा चेहरा उजळला की आपल्याला वाटतं आपण बरोबर सांगितलं. त्या दिवशी त्यांनी मला स्वतः चहा करून आणून दिला, आणि साखर दुप्पट.

दामोदरभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजच्या गेटवर. घराची चावी द्यायला आले होते. पाय फाकवून, भिंतीला हात लावत चालत होते आणि शब्द जिभेवर घसरत होते. वॉचमनने दंडाला धरून बाहेर काढलं. "सकाळी सकाळी पिऊन आलाय. मुली असतात इथे." गुलाबताईंनी वरून खिडकीतून पाहिलं आणि त्या जिने उतरून अशा धावत आल्या की मुलं बाजूला झाली. वॉचमनची मान धरून त्यांनी त्याचा चेहरा नवऱ्याच्या तोंडाशी नेला.

"वास घे. घे वास! जन्मात थेंब शिवला नाय तो. आता सांग सगल्यांना, येतो का वास?"

वॉचमनने मान खाली घातली. दामोदरभाऊ चावी पुढे करून तसेच उभे होते. चावी हातात थरथरत होती.

त्या दिवशी मागच्या जिन्यात बसून त्यांनी मला सांगितलं. सासरे असेच चालायचे. सासऱ्यांचा भाऊही. गावात त्यांच्या घराला बेवड्यांचं घर म्हणत. दामोदरभाऊंचं पहिल्यांदा पाऊल वाकडं पडलं ते तिशीनंतर, मग हात, मग बोलणं. कारखान्यातून काढलं तेही दारूचंच कारण देऊन. डॉक्टर झाले, अंगारे झाले, कोणी नाव सांगितलं नाही. "झालं तं झालं," त्या म्हणाल्या. "पोरं धडधाकट हायेत. आन् तुमी सांगितलंय ना, उतरलंच पायजे असं नाय."

मला तेव्हा कळलं की त्या दिवशी फळ्यावर मी काय सांगून बसले होते. पण आजाराचंच नाव माहीत नसताना मी काय बोलणार, अशी मी माझी समजूत घातली. तीन वर्षांनी दामोदरभाऊ गेले. मी मयताला गेले तेव्हा जगदीश आणि निलेश दोघेही सरळ, ताठ उभे होते, आणि मीही मनातल्या मनात हुश्श केलं.

आता माझ्या एका शब्दाबद्दल सांगायला हवं. आनुवंशिकतेचा धडा शिकवायची माझी एक पद्धत होती आणि तिचा मला अभिमान होता. इकडच्या गावांतली पोरं वर्गात पुष्कळ. ज्याच्या त्याच्या घरात जमिनीवरून, घरावरून भावाभावांची वाटणी चाललेली. म्हणून मी म्हणायचे, "आईबापाच्या गुणांची मुलांत वाटणी होते." फळ्यावर चौकोन काढायचा, त्यात चार खण. दोन खणांत तिरप्या रेघा, दोन कोरे. "निम्मे असे, निम्मे तसे. झाली वाटणी." पोरं खूश. वाटणी म्हटलं की त्यांना लगेच समजायचं. दर वर्षी हाच चौकोन, हाच शब्द. मागे स्टुलावर काच पुसणारा हात तेवढ्यापुरता थांबायचा का? आता मला वाटतं की थांबायचा. पण आता काहीही वाटतं.

जगदीश टेम्पो चालवायचा. अठ्ठाविसाव्या वर्षी तो टेम्पो घासायला लागला. आधी गेटला, मग दुसऱ्याच्या गाडीला. मग जिन्यावर तोल जायला लागला. तोवर मी निवृत्त झाले होते. या वेळी मात्र गुलाबताईंनी त्याला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि तिथे पिढ्यान्पिढ्या बेवडेपणा म्हणून खपलेल्या त्या आजाराला एक लांबलचक इंग्रजी नाव मिळालं. घराण्यात उतरणारा. औषध नाही. बापाला असेल तर प्रत्येक मुलाला व्हायची शक्यता निम्मी. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी रडायला लागले. त्याच मला समजावत होत्या.

"रडू नका मॅडम. एक तरी सुटला ना."

आईची आशा, असं मला वाटलं. आशा नव्हती ती. त्यांची खात्री होती, आणि ती माझ्या फळ्यावरून आली होती. पण ते कळायला आणखी एक वर्ष जायचं होतं.

मागच्या वर्षी, नवरात्र संपल्यावर, त्या माझ्या घरी पेढे घेऊन आल्या. नवी कोरी साडी, डोक्यात अबोलीचा गजरा नाही पण अंबाडा नीट बांधलेला. निलेशचं लग्न ठरलं होतं. निलेश ग्रॅज्युएट, एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात नोकरीला. मुलगी प्राची, उलव्याच्या पलीकडच्या गावातली, शिकलेली, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. मी पेढा तोंडात टाकला.

"पोरीच्या आयशीनं विचारलं, थोरल्याला काय झालंय. मी काय लपवलं नाय, मॅडम. सगलं सांगितलं. म्हटलं, घरात आजार हाय, पन त्याची वाटनी झाली. निम्मी निम्मी. जगदीशनं घेतली, निलेश मोकला. आमच्या मॅडमनी फल्यावर काढून दाखवलंय, म्हटलं. दोन पोरं, एकाला उतरली, एकाला नाय. हिशेब सरला. तवा कुठं तिचा जीव थंड झाला."

पेढा माझ्या टाळूला चिकटला. समोर बाई हसत होती. दोन भावांत घर वाटलं, मागचा भाग थोरल्याने घेतला, मग धाकट्याला पुढचाच येणार. त्याला मागचा कसा येईल? वाटणी या शब्दाचा अर्थच तो. वीस वर्षं तो शब्द मी वापरला आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की खऱ्याखुऱ्या घरात त्याचा काय अर्थ होतो. चौकोनातले खण ही चार मुलं नसतात, एकाच मुलाच्या चार शक्यता असतात, हे वाक्य मी कधी तरी म्हणत असेन, पण घंटा झाल्यावर.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी "अभिनंदन" म्हणाले. त्यांच्या हातात नारळ दिला, दारापर्यंत सोडलं आणि दार लावून तिथेच उभी राहिले. भित्री आहे मी. चार दिवस लागले मला सानपाडा गावातल्या त्या घरापर्यंत जायला, आणि माझ्या घरापासून ते चालत पंधरा मिनिटांवर आहे.

ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. लहान लहान मातीच्या कुंड्या रांगेने मांडलेल्या, प्रत्येकीत स्नेक प्लांटचं बोटभर रोप. लग्नाला येणाऱ्या बायकांना द्यायला. "हल्ली रिटर्न गिफ्ट लागतं ना," त्या म्हणाल्या. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता, जगदीश खाटेवर बसला होता. त्याने मला ओळखलं आणि हात वर केला, तो हात मधेच भलतीकडे गेला. गुलाबताई एका मोठ्या कुंडीतला गड्डा फोडत होत्या. पट्टेवाले फुटवे वेगळे करून. मी वेताच्या मोढ्यावर बसले आणि सांगितलं. पाठ करून गेले होते, तरी तीनदा चुकले. म्हटलं, प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने ठरतं. थोरल्याने घेतलं म्हणून धाकट्याच्या वाट्याचं कमी होत नाही. निलेशला जन्मापासून निम्मी शक्यता होती आणि आजही तेवढीच आहे. नसेलही त्याला. पण सुटला असं नाही म्हणता येत.

त्यांचे हात मातीतच राहिले. त्यांनी विचारलं, "मंग तुमी वाटनी कशाला म्हनालाव?"

"चुकलं माझं," मी म्हणाले. "शब्द चुकला."

"दर वर्षी?"

एवढंच बोलल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. उठून त्यांनी हात धुतले, मला पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तयार राहा म्हणाल्या. "उलव्याला जायचंय. मी त्या बाईला खोटं सांगून आले."

निलेशला त्यांनी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, त्याच्याशी आधी बोला. त्या म्हणाल्या, त्याला सांगितलं तर तो मला जाऊ देणार नाही. मीही मग जोर केला नाही. स्वतःची चूक निस्तरायची घाई झाली होती मला, हे आज लिहून टाकते.

मुलीच्या आईचं घर नवं, तीन मजली, गच्चीवरून विमानतळाची भिंत दिसत होती. त्या बाईने आम्हाला सोफ्यावर बसवलं, सरबत आणलं. मी घसा खाकरला तर गुलाबताईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला. तुम्ही नको. मग त्या स्वतः बोलल्या, आणि माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला जमलं नाही ते त्यांनी तीन वाक्यांत केलं.

"बाय, मी तुना वाटनी सांगितली, ती चुकीची. ही वाटनी नाय, ही सोडत हाय, घरांची निघते तशी. पन दर पोराची सोडत येगली, आन् निलेशची अजून उघडली नाय."

सोडत म्हटल्यावर नवी मुंबईत कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. त्या बाईच्या हातातला ग्लास खाली आला. एक विमान घरावरून गेलं.

"उघडता येते काय?" तिने विचारलं.

"रक्ताची टेस्ट असते," मी म्हणाले.

"मंग करा. रिपोर्ट आना. माजी पोर एकुलती हाय, ताई. मी वाईट नाय." आणि ती रडायला लागली. गुलाबताई उठून तिच्याजवळ बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. परत येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "चांगली बाई हाय. निलेशला चांगली सासू मिलाली असती." असती म्हणाल्या. त्यांना तिथेच कळलं होतं.

दोन दिवसांनी निलेश माझ्या दारात आला. आत ये म्हटलं, आला नाही. बापासारखाच उंच, दाराच्या चौकटीत ताठ उभा. आरडाओरडा करेल अशी माझी तयारी होती. तो अगदी हळू बोलला.

"मॅडम, प्राचीचा फोन आला, तेव्हा मला कळलं. तुम्ही दोघी जाऊन सांगून आलात. खरं तेच सांगितलंत, ठीक आहे. पण मला कोणी विचारलं का, मला कळून घ्यायचंय की नाही? मी दादाला घास भरवतो रोज. मला काय माहीत नव्हतं? आई म्हणायची तू सुटलास. मी हो म्हणायचो. तिच्यासाठी म्हणायचो."

मी म्हटलं, "टेस्ट केलीस आणि चांगली निघाली तर?"

"आणि वाईट निघाली तर? त्या दिवसापासून रोज सकाळी उठून कशाची वाट बघू? नाही करणार मी. रिपोर्टशी लग्न लावायचं असेल त्यांना तर लावू देत." मग जाता जाता वळून म्हणाला, "आईला काही बोलू नका. ती जेवत नाहीये."

लग्न मोडलं. कोणी भांडलं नाही, कोणी कोणाचं घेतलेलं ठेवलं नाही. प्राची तयार होती असं नंतर ऐकलं, निलेशनेच तिला नाही म्हटलं. ओटीवरच्या त्या कुंड्या गुलाबताईंनी गावातल्या बायकांना वाटून टाकल्या. एक माझ्याकडेही आली, कोणाच्या तरी हातून. मी दोन-तीनदा भेटायला गेले. चहा मिळाला, जगदीशची तब्येत कळली, फळ्याचा विषय निघाला नाही. त्यांनी मला माफ केलं का, मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत नाही.

गेल्या महिन्यात त्या मला दिसल्या. सकाळचे दहा वाजले असतील. सानपाडा गावातून स्टेशनकडे येणाऱ्या रस्त्यावर मी भाजीची पिशवी घेऊन रिक्षाला हात करत होते. पलीकडच्या फुटपाथवरून निलेश चालला होता, खांद्याला ऑफिसची बॅग, कानाला मोबाइल. त्याच्या आठ-दहा पावलं मागे गुलाबताई, हातात वजनदार पिशवी. मी हाक मारणार होते, पण त्यांचं कुठेच लक्ष नव्हतं. मान खाली होती आणि डोळे मुलाच्या बुटांवर. तो पाऊल टाकायचा, त्या बघायच्या. तो दुसरं टाकायचा, त्या बघायच्या. फुटपाथची एक फरशी उखडलेली होती. निलेश तिच्यावर जरासा अडखळला. तिथे कोणीही अडखळलं असतं. गुलाबताई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

निलेशने फोन बंद करून खिशात टाकला. क्षणभर तसाच पाठमोरा थांबला. मग मागे आला, आईच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "आये, तू पुढं चाल."

त्यांनी पदर सारखा केला आणि त्याच्या पुढे होऊन चालायला लागल्या, ताठ मानेने, एकदाही मागे न बघता. तो पिशवी घेऊन मागून जात राहिला. रिक्षावाला दोनदा ओरडला, मॅडम, बसताय का. मी निलेशच्या पावलांकडे बघत होते.